ब्लँकचे पैसे कोण देतं?

दर दोन-चार वर्षांनी मंगळावर पाणी सापडतं. सापडलं की ओळखीतली मंडळी ती बातमी मला हमखास पाठवतात, कारण त्यांच्या माहितीत मातीशी संबंध असलेली मी एकटीच. हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्त्याला माझी माती-पाणी तपासणीची छोटी लॅब आहे. दौंड, पुरंदर, इंदापूर इकडची माती माझ्या टेबलावर येते, मंगळाची येत नाही. तरी बातमी वाचली की सवयीनं तोच प्रश्न मनात येतो: किती अंशांना तापवल्यावर निघालं?

हे बातमीत कधी दिलेलं नसतं. मग वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे झरा तरी येतो, नाहीतर निदान मुठीत दाबली तर गोळा होईल अशी ओली माती. पण मे महिन्यात भेगाळलेल्या काळ्या रानातून घेतलेली माती बघा. सावलीत वाळवायची, लाकडी हातोडीनं ढेकळं फोडायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची. हाताला पीठच लागतं, ओल नावाला नाही. तीच माती रात्रभर १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा आणि सकाळी डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवेतली ओल आत न येणाऱ्या बंद काचपात्रात, गार करून वजन करा. शंभर ग्रॅममागे पाच-सात ग्रॅम सहज उतरलेले असतात. ते पाणीच. चिकणमातीच्या कणांना असं घट्ट चिकटलेलं, की मुळांना ते ओढून घेता येत नाही. पीक वाळून जातं आणि पाणी मातीतच राहतं. तापमान आणखी चढवत पाचशे-सहाशेवर नेलं तर अजून पाणी निघतं, ते तर खनिजाच्या घडणीतच बांधलेलं असतं. शेतकऱ्याला मी यातलं काहीच ‘पाणी’ म्हणून सांगत नाही. सांगितलं तर तो माझ्याकडे परत यायचा नाही.

आता मंगळ. नासाची क्युरिऑसिटी गाडी ६ ऑगस्ट २०१२ रोजी गेल विवरात उतरली. उतरल्याचा निरोप पृथ्वीवर पोचला तेव्हा आपल्याकडे सकाळचे अकरा वाजले होते. ऑक्टोबरमध्ये तिनं रॉकनेस्ट नावाच्या जागी वाऱ्यानं साठलेल्या वाळूत पहिल्यांदा फावडं घातलं. पहिलं फावडं तपासायला नव्हतंच. ती वाळू यंत्राच्या आत घेतली, खळाखळा हलवली आणि टाकून दिली, म्हणजे पृथ्वीवरून भांड्यांना चिकटून आलेला तेलकट थर खरवडून निघावा. हे वाचलं तेव्हा मला ही माणसं एकदम घरातली वाटायला लागली. आमच्याकडेही माती दळायच्या यंत्रात नव्या नमुन्याची पहिली मूठ टाकूनच देतात, आणि नवीन आलेला पोरगा दर वेळी विचारतो, ‘वाया का घालवायची?’

त्यानंतरची माती गाडीच्या पोटातल्या सॅम नावाच्या प्रयोगशाळेत गेली. तिथल्या भट्टीत ती ८३५ अंशांपर्यंत तापवली आणि निघणारा वायू मोजला. सगळ्यात जास्त निघाली ती पाण्याची वाफ. त्याशिवाय कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन, सल्फर डायऑक्साइड आणि क्लोरीनची काही संयुगं. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये आकडा छापून आला: वजनाच्या दीड ते तीन टक्के, म्हणजे सरासरी दोन टक्के पाणी. पन्नास किलोच्या पोत्यातून एक लिटर. ‘मंगळाच्या मातीत मुबलक पाणी’ असे मथळे आले होते. माझी ठणठणीत वाळलेली काळी माती १०५ अंशांनाच याच्या दुपटीहून जास्त देते! पण खिल्ली उडवायला म्हणून हे सांगत नाही. दोन टक्के ही खरी, मोजलेली, कामाची संख्या आहे. पुढेमागे तिथे माणूस गेलाच तर पोतंभर माती भाजून लिटरभर पाणी काढणं शक्य कोटीतलं आहे. फक्त त्यासाठी लागणाऱ्या उष्णतेचं बिल मथळ्यात धरलेलं नसतं.

त्या पाण्यातही एक खूण होती. साध्या हायड्रोजनच्या मानानं जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, आपल्या समुद्रातल्या पाण्यापेक्षा सुमारे पाचपट निघाला. मंगळाच्या विरळ हवेतून हलका हायड्रोजन अब्जावधी वर्षं अवकाशात निसटत राहिला आणि जड मागे उरत गेला. मातीतलं हे पाणी त्याच हवेशी जुळतं. म्हणजे मातीनं ते हवेतून उचलून धरलेलं आहे, खालून कुठून पाझरलेलं नाही.

खनिजं बघायला गाडीत क्ष-किरणांचं वेगळं यंत्र आहे. दुसऱ्या ग्रहावर असं मोजमाप तेव्हा पहिल्यांदाच झालं. प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार, पायरॉक्सीन, ऑलिव्हीन, आणि बाकीचा बराचसा भाग स्फटिक नसलेला, काचेसारखा. म्हणजे सरळ सरळ बेसॉल्टचा, लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाचा, भुगा. शास्त्रज्ञांनी तुलना केली हवाईच्या ज्वालामुखीजवळच्या मातीशी. आम्हा पुणेकरांना कुणी विचारलं असतं तर आम्ही वेताळ टेकडी दाखवली असती, आणि वर पाताळेश्वरही फिरवून आणलं असतं. हे गाव बसलंय तेच मुळी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर. विनोद सोडून देऊ, पण आपल्याकडचे संशोधक मंगळ समजून घ्यायला लोणारला जातात ते याचमुळे: बेसॉल्टमध्ये उल्केनं पाडलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत.

याच बेसॉल्टवर पाणी मुरत राहिलं, उन्हाळे-पावसाळे गेले, की त्याची काळी माती होते. तिचा फुगणारा, भेगा पडणारा स्वभाव येतो स्मेक्टाइट गटातल्या चिकणमातीमुळे. फेब्रुवारी २०१३ मध्ये क्युरिऑसिटीनं यलोनाइफ बे इथे खडकाला पहिल्यांदा भोक पाडलं. चिखलाच्या त्या दगडात सुमारे वीस टक्के हीच स्मेक्टाइट निघाली. म्हणजे तिथे एकेकाळी तळं होतं, पाणी बराच काळ साचून होतं, फार खारं नव्हतं आणि फार आम्लही नव्हतं. मला विचाराल तर रॉकनेस्टच्या वाफेपेक्षा हा पाण्याचा पुरावा कितीतरी वजनदार आहे. पाणी गेलं, पण त्यानं केलेलं काम तिथेच आहे. पेपरात मात्र याला आतल्या पानावर चार ओळी मिळतात.

मला खरं बोलायचंय ते ब्लँकबद्दल.

सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतल्या कुजलेल्या पालापाचोळ्याचा कार्बन, मोजायची आमची रोजची पद्धत वॉकली आणि ब्लॅक या दोघांनी १९३४ मध्ये दिलेली आहे. चंबूत माती घ्यायची, पोटॅशियम डायक्रोमेट घालायचं, वर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. चंबू हाताला चटका देतो. अर्धा तास ठेवायचं, मग पाणी, फॉस्फोरिक ॲसिड, डायफिनाइल अमाइनचे थेंब, आणि ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट सोडत बसायचं. आधी गढूळ जांभळा, मग निळा, आणि मग एका थेंबात लख्ख हिरवा. तो थेंब चुकला की पहिल्यापासून. प्रत्येक खेपेला एका चंबूत हे सगळं होतं, फक्त माती नसते.

पुरंदरहून अंजीरवाले एक काका नमुना घेऊन आले होते. बसल्या बसल्या माझं काम बघत होते.

“ताई, ह्या एकात माती घालायची ऱ्हायली बघा.”

“राहिली नाही काका, घालायचीच नाही. तो ब्लँक आहे.”

“म्हंजी रिकामाच तपासायचा?”

“रिकामा कुठे? बाकी सगळं घातलंय. फक्त तुमची माती नाही.”

“आन त्याचं पैसं कोन देतं?”

“तुम्हीच देता. सगळ्यांच्या फीमध्ये थोडे थोडे.”

काका मनापासून हसले आणि म्हणाले, “मग नीट तपासा त्याला.” अगदी बरोबर. मातीच्या चंबूला किती लागलं आणि बिनमातीच्याला किती, या दोन्हींतल्या फरकावरून सेंद्रिय कर्ब निघतो. ब्लँक नसेल तर माझ्या हातात आकडा असतो, पण तो मातीचा की ॲसिडच्या बाटलीचा, हे मलाही सांगता येणार नाही.

२०१२ च्या नोव्हेंबरमध्ये क्युरिऑसिटीच्या प्रमुख शास्त्रज्ञांनी, जॉन ग्रोट्झिंगर यांनी, रेडिओवरच्या मुलाखतीत सॅमच्या माहितीबद्दल उत्साहानं सांगितलं, ही इतिहासात नोंद होईल अशी आहे. झालं! जगभर कुजबुज सुरू: जीवसृष्टी सापडली, नासा लपवतेय. ३ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत निकाल जाहीर केला तो असा: पाणी, गंधक, क्लोरीनची संयुगं, आणि क्लोरीन जोडलेले अगदी साधे कार्बनचे रेणू. क्लोरीन मंगळाचा आहे, कार्बन कुणाचा ते आत्ता सांगता येत नाही. लोकांचा विरस झाला. पुष्कळांनी थट्टाही केली.

कार्बनवर संशय का, तर सॅममध्ये एकूण ७४ कुप्या आहेत आणि त्यातल्या नऊ रसायनं भरून पाठवलेल्या आहेत. एका रसायनाचं नाव एमटीबीएसटीएफए. सहज वायू न होणारे सेंद्रिय रेणू वायुरूपात आणून यंत्राला दिसावेत म्हणून ते नेलेलं. त्याची वाफ कुठून तरी गळत होती. आणि हे कळलं ते रिकाम्या कुपीमुळे! मातीला हात लावण्याआधी गाडीनं रिकामी कुपी भट्टीत घालून पूर्ण तपासणी केली होती, आणि मंगळाचा कणही नसलेल्या त्या कुपीत या रसायनाचे तुकडे दिसले. क्लोरीन जोडलेले रेणू त्या रिकाम्या खेपेत नव्हते, ते माती घातल्यावर आले. म्हणजे मातीतल्या क्लोरीनच्या क्षारानं आपल्याच गळक्या रसायनातला कार्बन धरून भट्टीत नवे रेणू बनवले असावेत. एवढ्या खर्चाच्या, एवढा गाजावाजा झालेल्या मोहिमेत ‘हे बहुतेक आमचंच आहे’ असं उभं राहून सांगायला छाती लागते. नमुना खताच्या रिकाम्या पोत्यात घालून आणलेला शेतकरी पालाश (पोटॅश) भरपूर निघाला म्हणून खूश होतो, तेव्हा त्याला खरं सांगणंसुद्धा जड जातं.

मातीतला तो क्लोरीनचा क्षार म्हणजे पर्क्लोरेट. त्याची गोष्ट मागून पुढे सांगण्यापेक्षा पुढून मागे सांगितलेली बरी. २५ मे २००८ रोजी फीनिक्स यान मंगळाच्या उत्तर ध्रुवाकडे उतरलं. त्यानं खणलेल्या चरात पांढरे खडे दिसले आणि चार दिवसांत ते नाहीसे झाले. बर्फ होता तो. तिथली हवा इतकी विरळ की बर्फाचं पाणी व्हायच्या आतच वाफ होते. माती मात्र चिवट. भट्टीच्या तोंडावरच्या चाळणीतून ती खालीच उतरेना, थरथरवून थरथरवून अखेर भरली. पावसाळ्यात काळी माती चाळून पाहिलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

पण माझा जीव जडलाय तो फीनिक्सच्या ओल्या रसायनशाळेवर. छोट्या चंचुपात्रात पृथ्वीवरून नेलेलं २५ मिलिलीटर पाणी, त्यात मंगळाची सुमारे एक घनसेंटिमीटर माती, आणि भिंतीत बसवलेले इलेक्ट्रोड. आम्ही वीस ग्रॅम मातीला पन्नास मिलिलीटर पाणी घालून सामू, म्हणजे पीएच, बघतो, तसंच हे. सामू निघाला ७.७. इथल्या काळ्या रानाचा सामू आठच्या वर असणं नेहमीचं आहे. मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियमही मिळालं. आणि एक इलेक्ट्रोड बसवला होता नायट्रेट मोजायला. त्यानं एवढा जबर आकडा दाखवला, की ते नायट्रेटच धरलं तर घातलेल्या मातीच्या वजनापेक्षा नायट्रेटचं वजन जास्त व्हावं! अशा वेळी यंत्र बिघडलं म्हणून पुढे जाणारे लोक मी पाहिलेत. तिथल्या रसायनतज्ज्ञांनी विचार केला, हा इलेक्ट्रोड नायट्रेटपेक्षा कितीतरी जास्त संवेदनशील कशाला असतो? पर्क्लोरेटला. मातीत ते सुमारे अर्धा टक्का होतं.

लगेच दुसरी शंका. पर्क्लोरेट रॉकेटच्या घन इंधनात असतं. पाषाणला सुतारवाडीच्या बाजूला डीआरडीओची जी एचईएमआरएल ही रॉकेट-इंधनं आणि स्फोटकांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे, तिथल्या लोकांना या नावाची काय ओळख करून द्यायची! मग हे आपल्याच रॉकेटचं तर नाही? त्याचीही छाननी झाली. फीनिक्स उतरताना पेटवलेली इंजिनं हायड्रेझीन या द्रव इंधनावर चालणारी होती, त्यात पर्क्लोरेट नसतं. क्षार मंगळाचाच होता.

आणि यानं १९७६ चं जुनं प्रकरण उकरून निघालं. त्या वर्षी मंगळावर उतरलेल्या नासाच्या दोन्ही व्हायकिंग यानांनी माती ५०० अंशांपर्यंत तापवली, तेव्हा क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन यांचा माग लागला होता. ते यान साफ करायला वापरलेल्या द्रावणाचे अवशेष म्हणून बाजूला ठेवले गेले आणि ‘मंगळाच्या मातीत सेंद्रिय काही नाही’ ही समजूत तीस-बत्तीस वर्षं चालली. २०१० मध्ये मेक्सिकोचे रफाएल नव्हारो-गोन्झालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीच्या अटाकामा वाळवंटातली माती घेतली, तीत मॅग्नेशियम पर्क्लोरेट मिसळलं आणि भाजलं. मातीतला जवळजवळ सगळा सेंद्रिय भाग जळून गेला आणि मागे उरलं थोडं क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन. भट्टीत पर्क्लोरेट ऑक्सिजन सोडतं आणि शोधायचं तेच जाळून टाकतं. तपासणीच पुरावा खात होती, असं होण्याची दाट शक्यता त्यांनी दाखवली. त्यावर वादही झाले, पण प्रश्न पुन्हा उघडा झाला.

क्लोरीनचा हा छळ मला ओळखीचा आहे, फक्त आमच्याकडे तो उलट दिशेनं होतो. इंदापूरकडच्या क्षारपड रानातल्या मातीत क्लोराइड जास्त असतं. वॉकली-ब्लॅकमध्ये कर्बासारखंच तेही डायक्रोमेट खातं, आणि ज्या जमिनीत गवत धड उगवत नाही तिचा सेंद्रिय कर्ब कागदावर झकास दिसतो. म्हणून ॲसिडमध्ये सिल्व्हर सल्फेट घालायचं, म्हणजे क्लोराइड बांधलं जातं. चांदीचा क्षार, त्यामुळे स्वस्त नाही, आणि म्हणून सगळीकडे घालतात असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. आपल्या रानाचा कर्ब खूप जास्त आला असेल आणि रान खारवट असेल, तर लॅबला हे जरूर विचारा.

मंगळावर शेती होईल का, हा प्रश्न मला शाळेतली पोरंही विचारतात. कागदावर रान वाईट नाही. सामू बरा, पालाश आहे, मॅग्नेशियम आहे, २०१५ मध्ये सॅमच्या माहितीतून नायट्रेटही सापडल्याचं प्रसिद्ध झालं. पण अर्धा टक्का पर्क्लोरेट म्हणजे किलोमागे पाच ग्रॅम. ते पिकात उतरतं आणि माणसाच्या थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही. जिप्सम टाकून हे जाणारं नाही, ते सोडियमनं बिघडलेल्या चोपण जमिनीचं औषध. पर्क्लोरेट पाण्यात चटकन विरघळतं, म्हणजे उपाय एकच: भरपूर गोडं पाणी देऊन धुऊन काढायचं आणि निचऱ्यानं बाहेर घालवायचं. त्यासाठी पाणी कुठलं, तर पोत्यामागे एक लिटर. नीरा कालव्याकाठच्या क्षारपड जमिनीवाल्याला हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

कार्बनचा प्रश्न मात्र पुढे सरकला. क्युरिऑसिटीनं भोक पाडलेल्या कंबरलँड नावाच्या खडकाच्या भुकटीत क्लोरोबेन्झीन सापडल्याचं २०१५ मध्ये छापून आलं. अब्जात दीडशे ते तीनशे भाग, म्हणजे नगण्यच, पण रिकाम्या कुप्यांशी ताडून पाहिल्यावरही टिकलेलं. याच भुकटीत दहा, अकरा आणि बारा कार्बनच्या साखळ्या सापडल्याचं मार्च २०२५ मध्ये जाहीर झालं. ते सजीवांचं आहे असं कुणी म्हटलेलं नाही. मंगळाचं आहे, एवढंच. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये उतारावरचे काळपट ओघळ म्हणजे वाहतं खारं पाणी, म्हणून केवढा गजर झाला होता! दोन वर्षांत ते कोरडी वाळू घसरल्याचे ओघळ असावेत, असं दुसऱ्या अभ्यासात निघालं. पाण्याचा तो निष्कर्ष कक्षेतून बघून काढलेला. तिथे ब्लँक कुठून आणणार?

सध्या मंगळावर पर्सिव्हिअरन्स ही नासाची दुसरी गाडीही आहे. ती १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरली. तिच्याबरोबर नमुन्यांच्या ४३ नळ्या गेल्या आणि त्यातल्या पाच साक्षी नळ्या, म्हणजे ब्लँकच. त्या नमुन्याच्या नळ्यांसारख्याच हाताळायच्या, मंगळाच्या हवेत उघडायच्या, गाडीच्या अंगातून जे काही बाहेर पडत असेल ते आत येऊ द्यायचं आणि सील करायच्या. दगड-माती घालायची नाही. सुट्या मातीचे दोन नमुने तिनं डिसेंबर २०२२ मध्ये घेतले. या नळ्या पृथ्वीवर आणायचा खर्च अकरा अब्ज डॉलरपर्यंत जाईल असं अंदाजपत्रक आलं आणि तेव्हापासून तो बेत अडखळलाय. कमी नळ्या आणा, स्वस्तात आणा, अशा सूचनाही झाल्या. तीसऐवजी दहाच आणायच्या ठरल्या तरी माझी हरकत नाही, फक्त त्या दहांत एक साक्षी नळी हवी. थ्री फोर्क्स नावाच्या जागी गाडीनं राखीव म्हणून ज्या दहा नळ्या जमिनीवर ठेवून दिल्यात, त्यांत ती आहे.